तोबाचा कोंडलेला श्वास

मी समुद्रापलीकडच्या एका बेटावरचा जुना तलाव आहे, मित्रांनो. नाव तोबा. माझ्या जागी आधी ज्वालामुखीचा डोंगर होता. त्याने श्वास कोंडून धरला आणि एकदा असा सोडला, की डोंगरच उरला नाही. त्याची राख वाऱ्यावर बसून पार तुमच्या कुकडी नदीच्या काठापर्यंत गेली. मागे राहिलेल्या खड्ड्यात पाऊस साठत गेला. तो मी.

पुढे काठावर बाताक लोक आले. माझ्यावर होडीत बसून कुणी वावगा शब्द काढत नसे, इतका माझा मान. मग त्यांनी जाळ्यांचे पिंजरे माझ्यात सोडले आणि मासे वाढवू लागले. रोज पोत्याने खाद्य पडे. माशांनी न खाल्लेले माझ्या तळाशी कुजत राही.

रोतुआच्या आईच्या पिंजऱ्यात कार्प मासे होते. गरोदर रोतुआला सातवा महिना लागला होता. अशा वेळी आईबापांनी अख्खा मासा रांधून लेकीला भरवायचा, म्हणजे बाळंतपण सुखरूप होते, अशी इथली श्रद्धा. तो दिवस उद्यावर आला आणि सोसाट्याच्या वाऱ्याने माझा तळ ढवळला. सडके पाणी वर चढू लागले. ओरडायला मला तोंड नव्हते.

मासे वर आले. तोंडे उघडी.

“भुकेलेत बिचारे,” म्हणत रोतुआच्या बाबांनी अर्धे पोते ओतले.

“अहो, खातायत कुठे? दाणे तसेच तरंगतायत. जीव गुदमरतोय त्यांचा!” आई ओरडली.

“तू कधीपासून माशांची डॉक्टरीण झालीस?”

“तो बघा, उलटा झाला एक. जाळं कापा.”

“आणि उद्या लेकीपुढे काय ठेवू? रिकामं पोतं?”

 सुरी दातांत धरून तिने पाण्यात उडी घेतली. जाळे फाटले. कितीतरी मासे उलटेच राहिले. बाकीचे ओढ्याच्या तोंडाकडे, ताज्या पाण्याकडे सुटले.

सकाळी बाबा ओढ्याच्या तोंडाशी गळ टाकून बसले. ऊन चढले, तरी दोरी हलेना. काठावरून हाका येऊ लागल्या, “लेकीकडे निघायचं ना?” आणि दोरी ताणली.

“एकच मिळाला गं,” ते ओशाळून म्हणाले.

“लेकही एकच आहे आपली. चला, मसाला वाटून ठेवलाय.”

जाताना त्यांनी होडीतले उरलेले अर्धे पोते माझ्यात न ओतता खांद्यावर टाकले आणि घरी नेले.

मित्रांनो, माझ्यात जे टाकाल ते मी मुकाट्याने पोटात घेतो. म्हणून टाकण्याआधी एकदा थांबा. कोंडलेल्या श्वासाचे पुढे काय होते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक?