चारापुढचं शून्य

श्रीविद्यानं आपली एक किडनी धाकट्या भावाला, अवधूतला दिली, त्याला वर्ष होत आलं होतं. बसवनगुडीला त्याच्या घरी ती आली, तेव्हा तो मोबाइलवरचा रिपोर्ट बघत सुन्न बसला होता.

"अक्का, क्रिएटिनिन वाढलं गं. मागच्या वेळी एक पॉइंट चार होतं, आता एक पॉइंट पस्तीस. तुझी किडनी मला सांभाळता आली नाही."

हा आकडा कमी असलेलाच बरा, हे दोघांनाही पाठ होतं. तिनं मोबाइल घेतला, आकडे नीट पाहिले.

"स्वल्प थांब. पस्तीस नव्हे रे, तीन-पाच म्हण. आणि त्या चारापुढे शून्य लाव. किंमत बदलते का?"

"नाही."

"मग १.४० मोठं की १.३५?"

अवधूत बघतच राहिला. "म्हणजे... कमी झालंय?"

"कमी झालंय, वेड्या!"

तो हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "सकाळपासून उपाशी आहे. काहीतरी दे ना."

"सरी, ठीक आहे, उप्पीट करते," म्हणत ती आत गेली. ओट्याला धरून क्षणभर उभी राहिली, मगच तिनं गॅस पेटवला.