हिरवा पट्टा, निळा पट्टा

मी एक जुनी भिंत आहे. पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याला लागून युनूस मेकॅनिकची खोली आहे ना, तिची. मित्रांनो, मला बघून तुम्ही हसाल. अंगावर एक पट्टा हिरवा, एक निळा, आणि बाकी सगळी मी धुराने काळी! पण माझं हे ध्यान कोणी केलं, ते ऐका तरी.

नवा गिलावा झाला तेव्हा मी काय देखणी होते! दर ईदला चुन्याचा हात मिळायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, खोली कशी लख्ख आहे. पुढे चुना राहत गेला आणि चुलीच्या धुराने मी काळवंडले.

मग छप्पन साली जॅकवरून लॉरी घसरली आणि युनूसची कंबर मोडली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पोटात अन्न जायला हवं. हा पठ्ठ्या तर जेवेना. खाट माझ्याकडे तोंड करून टाकलेली. ताट यायचं, तसंच परत जायचं.

त्याची बायको ताहेरा म्हणाली, "ही काळी भिंत बघूनच मन विटतं. निळा रंग देऊ."

युनूसचा थोरला भाऊ रहिमान म्हणाला, "हिरवा दे. डोळ्यांना गार."

दोघांनी चुन्यात रंग कालवून एकेक पट्टा मारला आणि जुंपली!

"भाईजान, तुमचा हिरवा वाळल्यावर शेवाळासारखा दिसतो."

"आणि तुझा निळा ऊन कललं की काळा पडतो. बघ, बघ जरा!"

सकाळी बघायचे, दुपारी दार लोटून बघायचे, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. अहो, काय ते एकदाचं ठरवा ना! मला नुसता वैताग आला होता. इकडे कालवण गार होई आणि युनूस दिवसेंदिवस खंगत चालला.

शेवटी ताहेरा रडकुंडीला आली. "तुम्हीच सांगा हो, कोणता देऊ?"

त्याला कोणी विचारलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

"कोणताही दे," युनूस म्हणाला. "पण आधी माझी खाट फिरवा. नुसता गाड्यांचा आवाज येतो, गाडी दिसत नाही. जीव जातो माझा."

खाट फिरवली. त्याचं तोंड दाराकडे, पाठ माझ्याकडे. समोरून एक लॉरी घरघरत गेली. "हिचा क्लच गेलाय," तो म्हणाला, आणि त्याने भाकरी मागितली.

त्या आनंदात माझा रंग राहिला तो राहिलाच. वाईट वाटतं हो, खोटं कशाला बोलू! पण मित्रांनो, आजारी माणसासाठी काही करायला निघालात, तर आधी त्याला विचारा. प्रत्येक लॉरीसरशी त्याची मान दाराकडे वळायची, हे मला रोज दिसत होतं. पण भिंतीला कुठलं आलंय तोंड? तुम्हाला आहे.