तळणाच्या तेलातले ताकदीचे लाडू

मी कढई बोलतेय. लोखंडाची, बुडाला काळी, दोन्ही कानांनी धड. बीबी गावच्या बाजारात जनकाबाईनं मला टिचक्या मारून पारखलं, तेव्हा मी असा आवाज दिला की शेजारचं जर्मनचं पातेलं लाजून गप्प झालं. शाळेत मी एकदाच गेले. तिथलं खिचडीचं भांडं गळायला लागलं म्हणून मला उसनं नेलं होतं. माझं शिक्षण तेवढंच.

खोड्या मात्र भरपूर केल्या. भजी तळताना कोणी फुकटात चाखायला वाकलं की मी त्याच्या हातावर एक थेंब उडवायचे. जनकाबाईचा नवरा गुलाबराव हे माझं आवडतं गिऱ्हाईक. हात चोळत म्हणायचा, "जनके, तुही कढई तुह्यावानीच चावते वं!"

मग त्याच्या गालात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला, पण उशिरा सुटला. अकोल्याला ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, आणि हा धिप्पाड माणूस दांडीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा होऊन परतला. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं तरच पुढचं औषध सुरू करता येईल.

मुलगी धम्मशीला मेहकरहून प्रोटीन पावडरीचा डबा घेऊन आली. "आई, कोमट दुधात कालवून देत जाय," एवढं सांगून तिनं परतीची बस धरली.

जनकाबाईनं पावडर बोटांत चोळून पाहिली. "सिंधूताई, हे तं कच्चं पीठ हाय वं. आजाऱ्याच्या पोटाले झेपन का?"

"मंग भाजून लाडू कर ना," शेजारची सिंधूताई म्हणाली. "बाळंतिणीले नाही का देत?"

झालं! त्यात तेल काढलं तेही तळणाचं. आमच्याकडे पापड-कुरड्या तळून उरलेलं तेल कोणी फेकत नाही. पुन्हा तापवायचं, पुन्हा झाकून ठेवायचं. कित्येक सण पाहिलेलं ते काळं तेल जनकाबाईनं धूर येईस्तोवर तापवलं आणि त्यात निम्मा डबा उपडा केला.

पावडर माझ्या अंगाला चिकटली, लाल झाली, मग करपली. खरं सांगते, कोमट दुधानं तिचं काही बिघडलं नसतं. दूध फार तापलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या, बस. पण जाळल्यावर तिच्यातलं अंगी लागणारं कमी होतं आणि कडूपणा उरतो. तेल तर जितक्यांदा धुरावतं तितकं नासतं. मी चरचरले, धूर सोडला, बाईच्या मनगटावर थेंबही उडवला. तिनं मनगट पदराला पुसलं आणि ढवळत राहिली.

गुलाबरावाचं तोंड शेकांनी सोललेलं होतं. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आलं. जनकाबाई समोर बसून आशेनं बघत होती.

"जनके, असा लाडू तं आपल्या लग्नातही नव्हता!"

ती खुशीत पाणी आणायला वळली, तसा लाडू दारातल्या कोंबड्यांपुढे गेला. मला हसू फुटलं. म्हटलं, म्हाताऱ्याच्या खोड्या शाबूत आहेत! मग रोजच तसं व्हायला लागलं. कोंबड्या माजल्या, गुलाबराव वाळत गेला, आणि माझं हसू आटलं.

डॉक्टरांनी वजन पाहून औषध पुढे ढकललं. पुढच्या खेपेलाही तेच झालं.

धम्मशीला पुन्हा आली तेव्हा मी गॅसवरच होते.

"आई, हे काय करून राह्यली?"

"ताकदीचे लाडू."

पोरीनं तुकडा जिभेवर ठेवला आणि थुंकला. "बाबा, हे खात होते तुम्ही?"

गुलाबराव मान खाली घालून म्हणाला, "नाही खाल्ले. तुह्या मायच्या तोंडाकडे पाह्यलं का बोलणंच होये नाही, पोरी."

जनकाबाईला गॅस बंद करायचंही सुचलं नाही. मी तशीच तापत राहिले.

नवा डबा आला, कोमट दूध आलं. पण गिळणं तोवर बंद झालं होतं. ज्वारी घरात यायच्या आत गुलाबराव गेला.

आता मी परसात पालथी पडलेय. गंज चढतोय. जनकाबाई पातेल्यात भाजी उकडते आणि फोडणीशिवाय खाते. औषध मिळूनही तो वाचलाच असता असं नाही, हे लेक तिला परोपरीनं सांगते. ती ऐकते आणि उठून जाते.

मंडळी, जन्मभर चटके देणाऱ्या या म्हातारीचं एवढं ऐका. समोर कितीही मायेचं माणूस बसलेलं असो, कडू लागलं तर थुंका आणि तोंडावर सांगा. करणारी रुसेल, भांडी आपटेल, मलाच आपटेल. आपटू द्या. मी लोखंडाची आहे.