अख्खा रावस

बोईसरात यहुदी घरं किती, असं कोणी विचारलं की अबिगेल केळवेकर "आम्ही" एवढंच सांगायची. त्यात विनय नव्हता, हिशेब होता. नवरा रूबेन तारापूरच्या कारखान्यात, ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि दाराच्या चौकटीला मेजुजा, म्हणजे आत शास्त्रवचन ठेवलेली नळी. आत-बाहेर करताना घरची माणसं तिला हात लावून बोटं ओठांना लावत. कुरिअरवाले ती बेल समजून दाबत.

त्या शुक्रवारी तिची परीक्षा होती. थोरले दीर योनाथन चाळीस वर्षांनी इस्राएलातल्या अश्दोदहून आले होते. तिकडे ते धर्माला फार काटेकोर झाले होते आणि येताना धर्मगुरूंचा शिक्का मारलेले माशाचे अठरा डबे घेऊन आले होते. भावजयीचा अपमान नको म्हणून ते डबा आपल्या खोलीत दार लावून उघडत. तो आवाज स्वयंपाकघरात नीट ऐकू येई. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रामदिनाच्या ताटावर भावोजींनी आपल्या हातचं खावं, एवढंच अबिगेलला हवं होतं.

म्हणून दर शुक्रवारी मासे घेऊन येणाऱ्या नवापूरच्या जयवंतीला तिने फोनवर सांगितलं, या शुक्रवारी येऊ नकोस. कोळणीची पाटी पाहून भावोजी काय म्हणतील? त्याऐवजी तिने पालघरच्या एका चकचकीत दुकानातून रावस आणला: पांढरेशुभ्र, कातडी काढलेले तुकडे.

भावोजींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"खवले कुठं आहेत?"

"साफ करूनच येतो तो."

"मग हा खवल्यांचा मासा होता, हे कशावरून?"

पर आणि खवले असतील तोच मासा खायचा, हे अबिगेलला चालता येण्याआधीपासून ठाऊक होतं. पण मुलांच्या वहीत तीस वर्षं लाल शाईने 'पुरावा द्या' लिहिणाऱ्या बाईंनी पुरावाच सोलून आणला होता. योनाथन डबा उघडायला खोलीकडे वळले.

तेवढ्यात जयवंती आली. शुक्रवारी या दारी जायचं, हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं. सासूपुढे मास्तरीणबाईंचा फोन कुठला टिकायला? पाटी तिने चौकटीबाहेर ठेवली.

योनाथन थांबले. कोळंबी आहे का, त्यांनी विचारलं.

"हाय. पण या घराला नाय."

"मला हवी असेल तर?"

"तर शेजारी जाऊन जेवा. या दारातून कोळंबी आत जायाची नाय, खेकडा नाय, मुशी नाय. आमच्या म्हातारीने हिच्या सासूला शब्द दिलाय."

मग तिने अख्खा रावस काढला, नखाने खवला उचकटला आणि कोणी न मागता योनाथनच्या तळहातावर ठेवला. दर शुक्रवारी ती तो अबिगेलच्या हातावर ठेवायची. अबिगेल दर शुक्रवारी तो न बघता झटकायची. नंतर जयवंतीने दारामागून या घराची वेगळी ठेवलेली विळी घेतली, कारण तिच्या स्वतःच्या विळीवर सकाळीच कोळंबी झाली होती. कापता कापता तिची नजर पाकिटावर गेली.

"ह्यो कुठला मासा, बाय?"

"रावस."

"असं पाकीट बोलते."

अबिगेलला खरं तर शरम वाटायला हवी होती. पण तिची मान ताठ झाली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बोईसरात हा नेम आपण दोघंच सांभाळतो. त्याची राखण पार नवापूरच्या किनाऱ्यापासून चालू होती.

"भावोजी," ती म्हणाली, "ह्या आमच्या तपासनीस."

संध्याकाळी दिवे लागले, काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला गेला. नारळाच्या दुधातला रावस योनाथननी तीनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी चूल बंद, तर उरलेला थंडच खाल्ला.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी उरलेले डबे खुशीने भावजयीच्या फळीवर मांडायला काढले. जयवंती दारातच होती. तिने एक डबा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला. योनाथननी शिक्का दाखवला.

"शिक्का दिसतो, दादा," ती म्हणाली. "खवले कुणी बघितले?"

डबे पुन्हा बॅगेत गेले.