बिनफेसाचे दिवस

मी एक जुने बेसिन आहे. पण मित्रांनो, हात-तोंड धुण्याच्या साध्यासुध्या बेसिनांत मला मोजू नका. मी पार्लरमधले केस धुण्याचे बेसिन! माझ्या काठाला मान टेकवायची गोल खाच आहे. तिच्यात मान टेकवली की भलीभली बडबडी माणसेसुद्धा डोळे मिटून गप्प होतात.

माझा जन्म भट्टीतला. पांढऱ्या मातीचा रबडा साच्यात ओतून, वाळवून, वर चकाकी चढवून मला भाजून काढले. माझ्या शेजारची दोन भांडी त्या आचेत तडकली. मी तडकले नाही. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बादलीला सांगत आले आहे.

मग मी ताईच्या पार्लरमध्ये आले. गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि मी. ताई केस धुवायची आणि कापायची. तिची धाकटी बहीण केस वाळवायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. त्या काळी सफरचंदाच्या वासाचा हिरवा शाम्पू होता. त्याचा फेस माझ्या काठापर्यंत यायचा आणि मी लग्नातल्या वरमाईसारखे मिरवायचे. "ताईच्या हातात जादू आहे," असे गिऱ्हाइके म्हणत. माझेही नाव घ्यायला हवे होते, पण असो.

त्याच हातांनी पुढे दगा दिला. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, कातडी लाल होऊन सोलली. गरम पाणी लागले की ताई ओठ दाबून धरायची. हातमोजे घातले, तर त्यांच्या आत पुरळ उठले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितले, "शाम्पूतला वास आणि तो टिकवायला घातलेली रसायनं तुम्हाला सोसत नाहीत. ती सोडा, नाहीतर हे काम सोडा."

काम सोडायचे? ताईला दुसरे काहीच येत नव्हते आणि दुसरे काही करायचेही नव्हते. डॉक्टरीणबाईंना विचारून, हातावर थोडे थोडे लावून पाहून तिने नवी वाट धरली. मागच्या खोलीत रिठे भिजू लागले, उकळू लागले. केस मऊ राहावेत म्हणून जवस शिजवून त्याचा बुळबुळीत गर काढला. पहिल्या दिवशी तो गाळायचाच राहिला आणि जवसाचे दाणे माझ्या घशात अडकले. नळवाल्याने सळई घालून मला मोकळे केले. तो प्रसंग मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

खरी पंचाईत वेगळीच होती. रिठ्याचा फेस येतो तो जेमतेम, आणि बघता बघता विरतो. गिऱ्हाइके नाक मुरडू लागली. शाळेतल्या मास्तरीणबाई तर उठून बसल्या. "अगं, धुतलेस की नुसतं पाणी दाखवलंस?" एकेक खुर्ची रिकामी राहू लागली. ताईचे हात मात्र हळूहळू भरून येत होते.

आणि मग अचानक फेस परत आला. रिठे आता नीट उकळले जात असतील, असे ताईला वाटले. गिऱ्हाइके खूश झाली, खुर्च्या भरल्या. पण ताईच्या हातांना पुन्हा भेगा पडल्या. आधीपेक्षा वाईट. तिला वाटले, रिठाही आपल्याला सोसत नाही. आता सगळे उपाय संपले. ती खुर्चीत बसून रडली आणि धाकटीला म्हणाली, "बस्स झालं. सामान विकून टाकू."

मला बघायला माणूस येणार होता, म्हणून ताई मला घासायला बसली. त्या गडबडीच्या दिवसांत माझ्या जाळीत केस साचले होते आणि पाणी तुंबले होते. सकाळच्या धुण्याचा फेस त्यावर तसाच उभा होता. ताईचा हात थांबला. रिठ्याचा फेस इतका वेळ टिकतो? ती वाकली, वास घेतला. रिठ्याच्या उग्र वासाखाली दबलेले सफरचंद!

"धाकटे, इकडे ये."

धाकटी आली आणि माझ्यात बघून तिचा चेहराच उतरला. "जुना शाम्पू थोडासाच घालत होते गं रिठ्याच्या बाटलीत," ती म्हणाली. "फेस दिसला नाही तर लोकांना धुतल्यासारखंच वाटत नाही. गिऱ्हाईक तुटलं तर आपण खायचं काय?"

"आणि माझे हात?"

"मला खरंच वाटलं नव्हतं, इतक्याशानं एवढं होईल," म्हणत धाकटी ढसाढसा रडायला लागली. ताईने हिरव्या शाम्पूची बाटली उचलून बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाली, "कचऱ्यात टाक. आणि त्या माणसाला कळव, बेसिन विकायचं नाही."

मित्रांनो, मला जीभ नाही. पण तो फेस मी धरून ठेवला होता. याचा मला भट्टीत न तडकल्यापेक्षाही जास्त अभिमान आहे.

त्यानंतर ताई प्रत्येकाला आधीच सांगू लागली, "फेस येणार नाही. सुरुवातीला केस चिकटही वाटतील. पटलं तर बसा." काहीजणी गेल्या त्या गेल्याच. मास्तरीणबाई कुरकुरत राहिल्या आणि कुरकुरतच दर वेळी येत राहिल्या. हळूहळू पार्लर सावरले.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हते. ताईने धाकटीला माझ्यापुढे बसवले आणि उघड्या हातांनी तिचे केस धुतले. कोमट पाणी पेरांवरून वाहत होते. ताईने ओठ दाबले नाहीत.

"दुखतंय का गं?" धाकटीने डोळे मिटूनच विचारले.

"नाही. मान सरळ ठेव."

मित्रांनो, केसांना काय सोसते याची चौकशी सगळेच करतात. पुढच्या वेळी माझ्यासारख्या एखाद्या बेसिनावर मान टेकवाल, तेव्हा डोळे मिटण्याआधी केस धुणाऱ्या हातांकडेही एकदा बघा.