समितीच्या ताटातला बंधारा

आमच्या ह्यांना, म्हणजे कमळाकररावांना, पहिल्यांदाच आगाऊ वेतनवाढ मिळायची होती. हे शहापूरला गटविकास अधिकारी, निवृत्ती तोंडावर आलेली. उत्कृष्ट काम करणाऱ्या मोजक्या अधिकाऱ्यांना सरकार ही वाढ देतं. पगार वाढतो, पुढे पेन्शनही. ह्यांचं काम म्हणजे डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा बंधारा. ह्यांच्या सांगण्यावरून पाड्याने मातीची पोती रचून ओढा अडवला होता आणि जानेवारीतही त्यात कमरेइतकं पाणी होतं. तपासणी समितीने ते एकदा पाहिलं की झालं. खरं सांगायचं तर वाढ ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त हवी होती. पुढेपुढे करणारे केव्हाच घेऊन बसले होते, आणि हे आपले मुखदुर्बळ.

तपासणीला पाड्याने मलाही बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा समितीची गाडी ओढ्याकाठी उभी होती, आणि ओढ्यात नुसता चिखल. मधली पोती काढून ठेवलेली, पाणी वाहून गेलेलं.

"बंधारा कुठे आहे?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"सकाळीच सोडला," देवकी म्हणाली. पाड्यावरच्या बायकांची ती म्होरकी. "साहेबांचे साहेब जेवाया येनार, त्यांना काय नुसती डाळ वाढायची? पानी सोडल्याबिगर मासे गावत नाय."

पाहुणा आला की ओढ्याचं पाणी सोडून मासे धरायचे, ही इथली रीत. पाहुणा पाणीच बघायला येतोय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ह्यांनी निरोप धाडला होता तो एवढाच, की मोठी माणसं येतायत, नीट बघा.

अध्यक्षांनी ह्यांना बाजूला घेतलं. मी कान देऊन ऐकत होते.

"लोकांनी बंधारा फोडला अशी तक्रार नोंदवा. तुमचं काम आम्ही धरू. नाहीतर वाढ विसरा."

मी मनात म्हटलं, हो म्हणा, एकदा तरी हो म्हणा.

"त्यांनीच बांधला, त्यांनीच सोडला," हे म्हणाले. "तक्रार कुणाची करू? चला, भाकरी गार होतायत."

माशांचं कालवण अध्यक्षांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. वाढ मात्र दिली नाही. परतताना जीपमध्ये मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. हे आपले खुशाल दातातला काटा काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ह्यांनी मला पुन्हा तिकडेच नेलं. झाला प्रकार पाड्याला एव्हाना कळला होता. बायामाणसं ओढ्यात उतरून पोती रचत होती, फाटलेल्यांच्या जागी नवी भरत होती, पाणी घोट्याला लागलं होतं. ह्यांना पाहून देवकीने मान खाली घातली.

"आमच्यापायी तुमचं नुकसान झालं, साहेब. चार दिसांत भरतंय बघा. त्या साहेबांना परत बोलवा. या टायमाला डाळच वाढू."

हे खदखदून हसले. उभ्या नोकरीत ह्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. गेली वाढ तर गेली, असं तिथे मला अगदी मनापासून वाटलं. मी पदर खोचला, ओढ्यात उतरले आणि माती भरायला देवकीसमोर रिकाम्या पोत्याचं तोंड उघडून धरलं.