दोन माशांचे आभार

लॉन्ड्रीवालीचा राग म्हणजे कडक इस्त्रीची घडी, एकदा बसली की मोडायची नाही. नणंदेवरचा राग तर तिने सहा महिने जपला होता. कारण? दोन गोल्डफिश. हसू नका! तिच्या सुतार नवऱ्याने ते लेकरांसारखे वाढवले होते. जेवणाआधीच्या प्रार्थनेत तो अन्नाबरोबर त्या दोघांबद्दलही प्रभूचे आभार मानायचा. तो इस्पितळात पडला, ही त्याच्या उशाशी बसली आणि घराची किल्ली गेली नणंदेकडे. तिने माशांचं पाणी बदललं. संध्याकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते.

"मासे खातायत ना गं?" नवऱ्याने विचारलं.

"खातायत की."

त्याच्याशी ती शेवटचं बोलली ते हे, आणि तेही खोटं. त्याचंही खापर तिने नणंदेच्याच डोक्यावर फोडलं. नळाचं ताजं पाणी माशांना सोसत नाही, ते दिवसभर ठेवून मगच घालायचं, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग नणंदेला नव्हतं? मुद्दाम केलं मेलीने! त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद.

वर्षातून एका रविवारी मंडळी आपापलं जनावर चर्चमध्ये आणून, उभं राहून त्याच्याबद्दल देवाचे आभार मानत. कोणी मांजर आणलं, कोणी कासव. ही माशांचं रिकामं भांडं घेऊन गेली आणि मुद्दाम नणंदेच्या पुढच्या बाकावर बसली. पाळकांनी खूण करताच उठली.

"प्रभू, माझ्या नवऱ्याच्या दोन माशांबद्दल तुझे आभार. त्यांना माझ्या नणंदेने मारलं. तिला तू बघून घे."

काय गार वाटलं म्हणून सांगू तिला!

मागे नणंद उठली. तिचे हात रिकामे होते. "मीही त्यांचेच आभार मानायला आले होते. वहिनी, नळाचं पाणी नाही गं घातलं. दादाने शिकवलेलं तसंच, मोरीतल्या निळ्या बादलीतलं ठेवलेलं पाणी घातलं. माझ्या हातालाच यश नाही. चुकले मी."

लॉन्ड्रीवालीला ती बादली आठवली. नवऱ्याला इस्पितळात न्यायला गाडी आली त्या सकाळी, त्याच्या रक्ताने डागाळलेला अभ्रा तिने त्याच बादलीत ब्लीच घालून भिजवला होता. घाईत अभ्रा पिळून काढला, पाणी ओतायचं राहिलं. ब्लीचचा वास तर त्या घरातल्या भिंतींनाही यायचा, नणंदेला वेगळा काय येणार?

पाळक पुढच्या माणसाकडे वळले होते. नणंद मान खाली घालून बसली होती आणि अख्खी मंडळी तिच्याकडे टकामका बघत होती. लॉन्ड्रीवालीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तोंड मिटून बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं.

ती पुन्हा उठली.

"बाई, तुमचं झालं ना?" पाळक म्हणाले.

"नाही झालं. मघाशी मी प्रभूला चुकीचं नाव सांगितलं."